रजेचं कारण

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता इथे हिंदी मुलखात, सुपेल्यातल्या एका लॅबमध्ये सळयांचे नमुने मशीनवर तुटेपर्यंत ताणते आणि जो आकडा येतो त्याखाली सही करते. आकड्यात कधी फेरफार केला नाही. रजेच्या अर्जाचं तसं म्हणता येत नाही.

दहावीत होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून तुमचा अर्ज लिहायला तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवलंत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पोचायचं, त्यासाठी आदल्या दिवसाची रजा. कारणाच्या रकान्यात मी 'घरेलू काम' लिहिलं. सगळे तेच लिहितात, मी म्हणाले. तुम्ही चष्मा वर सारून वाचता. "घरी कोनतं काम हाय मले? भांडे घासून राहिलो का?" आई हसते, मी नाही. "जिथं चाललो थे लिही. सगळ्याइचं कारन आपल्याले कायले पाहिजे?" दुसरा कागद घ्यावा लागला, राग त्याचाच आला.

नोकरीत तीन वर्षं मी 'घरेलू काम'च लिहिलं. ते कोणाच्याही अर्जात चाललं असतं, माझं नव्हतं. खरं कारण वाचून कोणी माझ्या आडनावाकडे पुन्हा एकदा बघेल, ही भीती. या वर्षी पेन रकान्यावर थांबलं. आतला आवाज वगैरे काही आला नाही. एवढंच कळलं, की हा रकाना माझ्याऐवजी दुसरं कोणी भरू शकत नाही. लिहिलं: दीक्षाभूमी, नागपूर.

मॅनेजरांनी ते मोठ्याने वाचलं, सही केली आणि चहा मागवला. शेजारच्या टेबलावरचे सर मात्र उठले. निवृत्तीला आलेला माणूस. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी हिंदीतच बोलत आलो. त्यांनी आपला अर्ज परत मागून 'घरेलू काम' खोडलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, तू बी? मले वाटे, तुह्या घरी दर दसऱ्याले रंगरंगोटीच निंगते." कामाच्या जागी मी इतकी कधीच हसले नव्हते.

आता आम्ही सगळे नागपूरच्या गाडीत एकाच डब्यात आहोत. सरांची बायको आणि आई एकमेकींचे डबे उघडून बसल्या आहेत. आई अभिमानाने सांगते आहे, की पोरगी पहिल्या वर्षापासून अर्जात खरं कारण लिहिते, अगदी बापासारखी. सर माझ्याकडे बघतात आणि पोळीचा मोठा घास घेतात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून कबूल करते: आईला तसं मीच सांगितलं होतं. गोंदिया यायच्या आत तिला खरं सांगीन म्हणते. डोंगरगड स्टेशन मागे पडलं, गोंदिया आता तासाभरावर.