भरून दिलेली वाटी

कुबानिचदादा,

आईला कॅन्सर आहे हे तिला कळू द्यायचं नाही, असं तुम्ही मॉस्कोहून फोनवर रडत बजावलं होतंत. वॉर्डातली शिकाऊ नर्स मी, पण एक शब्द बोलले नाही. सगळे म्हणायचे तसं मीही ‘पोटात सूज आहे’ म्हटलं.

चूक झाली ती चहात. तुमच्या आईला मी आपाच म्हणायचे; आपा दिवसभरात किती पितात ते लिहायचं काम माझ्याकडे होतं. अर्ध्या अर्ध्या वाट्या मोजताना घोळ व्हायचा, म्हणून एकदा वाटी काठोकाठ भरली आणि आकडा लिहिला. वर पाहिलं, तर आपा वाटीकडेच बघत होत्या. अर्धी वाटी म्हणजे ‘बसा अजून’ आणि भरलेली म्हणजे ‘पाहुण्यांनो, उठा आता’, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीच विसरले.

“आपा, चुकलं हो! मी नुसतं मोजत होते.”

“मोज की,” त्या हसल्या. “मोठे डॉक्टर दोन महिने अर्धंच ओततायत. तू तेवढी खरी निघालीस.” सगळा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “कुबानिचला सांगू नकोस हं. मला माहीत नाही, एवढाच त्याला धीर आहे.”

काल, आपा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुम्ही म्हणालात, “आईला शेवटपर्यंत कळलं नाही, पोरी. तुझे उपकार.” मी मान डोलावली. हे पत्रही तुम्हाला धाडणार नाही.

काल एवढं बोलून तुम्ही माझ्यापुढे चहा ठेवलात. अर्धीच वाटी. ती काही मला संपवता आली नाही.

तुमच्या आईच्या खाटेपाशी शिकलेली,
बेगीमाय