आईचा नकार

प्रिय शितल,

सप्रेम जय भीम. हे पत्र तुझ्या दाजींच्या हाती देतेय. फोन केला असता, पण तुझा आवाज कानावर पडला की मी खोटं बोलते, हे तुलाही माहीत आहे.

आईचा दम दिवाळीपासून वाढला. पाय सुजायला लागले, साखर वरखाली. शिरूरमध्ये एखादा एमडी डॉक्टर मिळावा आणि त्याच्याकडे फुकट उपचारांच्या सरकारी योजनेचं कार्ड चालावं, एवढंच मला हवं होतं. एके ठिकाणी कार्ड चालायचं, पण ते फक्त हाडांच्या ऑपरेशनला. दुसरीकडे एमडी होते, तर काउंटरवरच्या बाईंनी कार्ड दोन बोटांनी परत सरकवलं. आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरून आणलं होतं गं. आणि मग तुझा फोन आला. आमच्या गल्लीच्या मागंच एमडी आहेत, कार्ड चालतं, आईला इकडंच आण म्हणालीस. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. दहा वर्षं आईचं मी करतेय, आणि डॉक्टरसुद्धा तुझ्याच दारात निघावा?

लहानपणापासून हेच. माझ्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली म्हणून आजोबांनी तुझं नाव नकुशी ठेवलं. ते भरून काढायचं म्हणून की काय, आई जन्मभर तुझ्यावर जीव टाकत राहिली. साय तुला, नवा फ्रॉक तुला. शाळेत बाईंनी शितल नाव लावलं, तरी आई नकुशीच म्हणते. तेही इतक्या मायेनं, की मला वाटायचं, मी का नाही झाले नकोशी?

गेल्या मंगळवारी तुला न कळवता मी आईला दौंडला घेऊन आले. रिक्षा तुझ्या दारावरून गेली तेव्हा आईच्या बाजूचा पडदा मी खाली सोडला. डॉक्टर चांगले आहेत. आजच दाखल करा, कार्डावर सगळं होईल, म्हणाले. सिस्टरनं आईला विचारलं, राहताय ना? आईला धाप लागलेली. ती नुसतं “नकु... नकु...” करत होती.

“मावशी नको म्हणत्यात,” सिस्टर म्हणाली आणि कागदावर लिहिलं, रुग्णाचा दाखल होण्यास नकार.

आई तुला बोलावत होती, शितल. मला ते कळत होतं. तरी मी खाली सही केली आणि तिला शिरूरला परत नेलं.

आज सकाळी तिची धाप थांबेना, म्हणून पुन्हा इथंच आणलंय. ती आत आहे, नाकाला नळी लावलीय. चार दिवस आधी राहिल्या असत्या तर सोपं होतं, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टरला मी खरं काय ते सांगितलंय. आता तुला सांगतेय. काय बोलायचं ते मला नंतर बोल, सगळं ऐकून घेईन. आधी पायात चप्पल घाल आणि नीघ. आत एकाच माणसाला बसू देतात. तू आलीस की मी उठेन. दारावर नाव विचारतील, तिथं शितल सांगू नकोस. आईला खाटेवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांग, नकुशी.

तुझीच,
ताई