संप टाकीखाली ठेवायचा असतो

प्रवीण,

काचेची पेटी मोरीजवळ आहे. भात झाकलाय. तुझा मोबाईल इथेच वाजतोय. बाबा तुझ्या हापिसात गेलेत.

तू पाइप आणायला उतरलास आणि हे चपला शोधायला लागले. विचारलं, तर म्हणाले, "पोरानं रजा टाकलीय. आजपासून संप चालू करतोय, फोनवर मित्राला सांगत होता. सायबाच्या पाया पडेन, पण परत या घरात संप नको."

मला काही सुधरेना. मग माशांचा दुकानदार पेटी घेऊन आला. म्हणाला, "काकी, हाच संप. माशांच्या टाकीखाली ठेवायचा. वरचं घाण पाणी यात उतरतं, गाळून परत वर चढतं."

मी म्हटलं, "मेल्या, आमच्याकडे संप म्हणजे गिरणी बंद!"

मला अजून नीट कळलेलं नाही. तू नोकरीवर आहेस, एवढं कळलं. मी त्यांना गाठायला निघालेय, तूही धावत ये. बाबांना साहेब आधी भेटला, तर तू खरंच संपावर चाललास असं त्याला वाटेल. किल्ली शेजारी तुळसाबाईंकडे ठेवतेय.

गिरणीच्या संपात बाबा हिंदमात्याला फुटपाथवर रुमाल विकायचे.

आई