ह्यांना पुण्याला पाठवलं

२ नोव्हेंबर

आज अंगणात भांडण! ह्यांच्यावरूनच. आणि हे आत खाटेवर पडून सगळं ऐकत होते.

पुण्याची एक संस्था जखमी फौजींना ठेवून घेते. व्हीलचेअर चालवायला, स्वतःचं स्वतः करायला शिकवते. निवृत्त सुभेदार श्रावणमामा शहापूरहून मुद्दाम तेच सांगायला आले. "सहा महिने पाठव, पोरी. कमरेखाली जीव नाई, पण हात तर आहेत ना!"

ह्यांच्याच पलटणीतले लिलाधर भाऊजी उसळलेच. काश्मिरात दोघांची गाडी दरीत कोसळली — ह्यांची कंबर गेली, भाऊजींचा डावा हात.

"मले एका संस्थेनं स्टेजवर उभं केलं होतं, मामा. बाही वर करा म्हणे, लोकाइले दिसू द्या! फौजी का जत्रेतलं अस्वल आहे?"

"एकानं केलं म्हणून सगळेच तसे?"

"सगळेच! आपल्या माणसाले आपण पाहू. दुसऱ्याची दया कायले?"

मामा हळू बोलले. "माह्या कंपनीतला एक पोरगा घरीच पडून सुकला. घरच्यांनी काईच कमी नाई केलं, लिलाधर."

भाऊजी चहा न पिता गेले.

३ नोव्हेंबर

धान कापणीला आलं. उठवणं, पुसणं, कूस बदलणं — तरी पाठीला जखम झालीच. ती धुताना ह्यांच्यासमोरच मला रडू आलं, रोजच येतं. ह्यांनी जावं असं मला वाटतं. लिहिलं एकदाचं.

७ नोव्हेंबर

विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "थकली का तू?"

नाही म्हटलं. खोटं कळलं असणार.

"जातो."

१५ नोव्हेंबर

गेले. सोबत मामा. भाऊजी स्टेशनावर आले नाहीत. गुड्डी खिडकीतून बापाचं बोट सोडेना, गाडी हलली तेव्हा मीच ओढून घेतलं तिला.

घरी येऊन पडले ती सकाळपर्यंत झोपले. लाज वाटली.

९ जानेवारी

फोनवर हसले! किती वर्षांनी! खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात म्हणे, काल पडले तर सगळे हसले, हेही हसले.

भाऊजींना सांगितलं. "फोटो काढाले असंन," म्हणाले. फाटकापर्यंत जाऊन परत आले. "खरंच हासला का, वहिनी?"

२० एप्रिल

दारात सिमेंटचा उतार केला, खुर्ची सरळ आत यावी म्हणून. भाऊजींनी एका हातानं थापी फिरवली. मदतनीस नको म्हणाले.

१२ मे

फोन आला. संस्थेनं तिथंच काम दिलंय, नव्यानं येणाऱ्या जखमींना शिकवायचं. मी म्हटलं, छान झालं! मग मी आणि गुड्डीच येतो तिकडे.

हे म्हणाले,

"नको येऊ, रीना. इथं मले पाहून कोणी रडत नाई."