अण्णांची माशांची टाकी

मानवत, रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

माशांची टाकी आज पुन्हा चालू झाली. सासरे, म्हणजे अण्णा, अर्धांगानं खाटेला खिळल्यापासून ती कोरडीच पडली होती. काचेवरचं वाळलेलं शेवाळ मी खरवडून काढलं, तळाची वाळू पाणी निवळेपर्यंत धुतली. ह्यांनी नांदेडहून आणलेले चार लाल मासे सोडले, पंप लावला, बुडबुडे सुटले.

संध्याकाळच्या एसटीनं नोकरीवर परत निघताना हे म्हणाले, "अण्णांची खाट पुढच्या खोलीत घे. मासे बघून लय बरं वाटंल त्यांना."

मी खाट हलवली नाही.

मी नवी नवरी होते तेव्हा अण्णा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "टाकीला हात लावू नको. तुझ्या हाताला शेणाचा वास येतो." मी वालूरच्या शेतकऱ्याची लेक. आता त्याच हातानं त्यांना रोज धुते, पुसते, भरवते.

आतल्या खोलीत त्यांना बुडबुडे ऐकू येत होते. मी वरणभात भरवत होते. जीभ जड झालीय, तरी मला कळलं. "मासे?"

"मेले," मी म्हणाले. "चारीबी मेले."

भिंतीपलीकडं मासे मजेत फिरत होते. बुडबुडे चालूच.

अण्णांनी तोंड भिंतीकडं वळवलं. डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पदरानं टिपलं, अगदी हळू.

वाईट वाटायला पाहिजे होतं ना? थोडा वेळ वाट बघितली. वाटलं नाही.

हे शनिवारी येतील. तोवर सहा दिवस आहेत.