हळदीच्या कॅप्सूल आणि विघ्नेश सर

९ जून २००३

विघ्नेश 'सर' आज आमच्या ओटीवर बसून गेले. कसले सर? एव्हरशाईन सिटीत फ्लॅट आणि आमच्या उमेळे गावच्या उकाड्यात गळ्यात टाय, एवढीच विद्या. सांधे, साखर, दमा, गळणारे केस — सगळ्यांवर हळदीची एक कॅप्सूल. मग दवाखाने कशाला ठेवलेत?

आणणारे अर्थात आत्मारामकाका. स्वतः कंपनीच्या साखळीत मेंबर झालेत, आता खाली माणसं जोडायची. पहिली सापडली ती वहिनी, म्हणजे आमची आई.

मी विचारलं, एका कॅप्सूलमध्ये अर्क किती? "मॅडम सायन्सवाल्या दिसतात," म्हणे. काका खो खो हसले. घरात पहिली बी.एस्सी. झाले त्याचं हे कौतुक.

१५ जून

आई घेतेच आहे. "गुडगं हलकं झालं, बाय." झालं असेल. भाजीतली, दुधातली हळद मी कधी नाकारली नाही. बोट कापलं की मीही चिमूट दाबतेच. पण डबाभर हळदीचा अर्क रोज गिळायचा, तोही टायवाल्याच्या शब्दावर?

४ जुलै

आईच्या दंडावर निळे डाग. कुठे आपटली नाही. चूळ भरली की पाणी लाल. "वय झालं," म्हणते.

हृदयाची झडप बदलल्यापासून तिला रक्त पातळ करायची गोळी आहे. ती कायमची. नाहीतर झडपेवर गुठळी धरते. आज कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन वाचलं — हळदीचा असा कडक अर्कही रक्त पातळ करतो. म्हणजे दोन्हींचा मारा एकाच बाईवर! पित्ताशयात खडे असणाऱ्यांनीही तो घेऊ नये म्हणे. सरांना हे ठाऊक असेल? त्यांना टायची गाठ तरी स्वतः मारता येते का, शंका आहे.

डॉक्टर गावाला गेलेत. आले की आईला दाखवायचं.

६ जुलै

सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांची मीटिंग. मुद्दाम गेले. सर माइकवर, "हळद नॅचरल आहे. नॅचरलला साइड इफेक्ट नसतो." टाळ्या. नोकरदार, शिकलेले लोक, आणि टाळ्या!

मी उभी राहिले. "धोतराही नॅचरल आहे. त्याच्या कॅप्सूल कधी काढताय?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. सरांचा चेहरा त्यांच्या मालासारखाच पिवळा. काका बाहेर येऊन म्हणाले, "शिकवून डोक्यावर बसवली तुला." बसवलीच असेल. तिथून निदान दिसतं तरी.

तशीच घरी आले. आई तांदूळ निवडत होती. अजून आवाज चढलेलाच होता माझा. म्हटलं, "ती कॅप्सूल आणि डॉक्टरांची गोळी दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. रक्त फार पातळ होतं. कळलं?"

"कळलं गो. वरडतेस कशाला?"

एवढ्यात झालं. अडाणी म्हणतात तिला, पण हॉलभर टायवाल्यांपेक्षा लवकर समजलं.

१४ जुलै

डाग फिकट. हिरड्यांतून रक्त बंद. बघा म्हणावं! काकांना मुद्दाम आईचा दंड दाखवला. चहा न पिताच गेले. डॉक्टर आलेत, पण आता घाई नाही. महिन्याच्या तपासणीला नेऊच.

मी शिकवते त्या शाळेत पालकांसमोर या विषयावर बोलावं म्हणते. लोकांना कोणीतरी सरळ सांगायला हवं.

२२ जुलै

आई काल सकाळी चुलीपुढे कोसळली. उजवी बाजू हलत नाही. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली.

डॉक्टरांनी विचारलं, रक्ताची गोळी कधीपासून बंद आहे? मी म्हटलं, बंद नाहीच.

आई खाटेवरून बोलली. तोंड वाकडं, शब्द तुटत होते. "तूच म्हनालीस ना... दोनी एकत्र नको. हळद आपली. गुडगं बरं होतं. दुसरी सोडली."