तुमच्या भाच्याचा बोर्ड

१७ जानेवारी १९८८, रविवार, दुपार

बाबा, फार दिवसांनी लिहिते आहे, माफ करा. आई गेली तेव्हा लिहायला बसले होते, पण दोन ओळींनंतर उठले. त्यानंतर तुम्हाला सांगण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. जे घडलं ते सांगताना माझं मन स्वच्छ नव्हतं, आणि तशा मनाने तुमच्याशी बोलायची मला सवय नाही. आजही ते स्वच्छ नाही. पण आज लिहिलं नाही तर उद्या मी कशी वागेन याचा मला भरवसा वाटत नाही, म्हणून जेवणाची भांडी तशीच ठेवून बसले आहे.

तुमचा भाचा आला होता. रविवारचा येतोच तो, प्रतापनगरहून सायकल हाणत, आणि धरमपेठेतल्या आमच्या जिन्याखालूनच ओरडतो, ‘ताई, चहा मांड वं!’ पंचेचाळिशीला आला तरी त्याचा आवाज काही खाली आला नाही. आज आला तो थेट स्वयंपाकघरात. मी कणीक भिजवत होते. खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पोळपाटाशेजारी ठेवलं. लहान साबणाच्या वडीएवढा, पण पातळ बोर्ड. मधे एक मोठी आयसी, किड्यासारखे बारीक पाय असलेली काळी चकती, तिच्या बाजूला दोन लहान, एका कडेला तारेची छोटी गुंडाळी, आणि खाली कंगव्यासारख्या दातांची रांग. आयसी तुम्ही तुमच्या शेवटच्या वर्षांत पाहिल्या होत्या, पण ही मोठी त्यातली नव्हे. हिच्यात अख्खं हिशेब करणारं यंत्र आहे, आधी सांगून ठेवलं ते क्रमाने करत राहणारं. आणि ते जे म्हणेल ते तारेशिवाय दूर पाठवायची सोय त्याने त्याच बोर्डावर केली आहे. त्यासाठीच्या सरकारी परवान्यापायी त्याने दोन वर्षं खेटे घातले.

‘एवढुसं आहे, पण विहिरीवरून घरी सांगते का पाणी किती उरलं,’ तो म्हणाला. ‘आन् खाते किती? काहीच नाही. दिवसभर झोपून राहते. मधातच उठते, तेवढं एक बोलते, परत झोपते. तुया नवऱ्यासारखं!’

हे दारात वर्तमानपत्र घेऊन उभे होते. म्हणाले, ‘त्याचं निदान ऐकतात तरी गा लोक. मी उठून बोललो तर कोणी ऐकत नाही.’

दोघं हसले. मीही हसले. मग त्याने खालचे दात दाखवले. ज्याला हवा त्याने हा बोर्ड आपल्या बोर्डावर खोचावा, बाकी स्वतःचं काय ते जोडावं, असा त्याचा बेत आहे. ‘कोणी पंपावर लावंन, कोणी दवाखान्यातल्या फ्रिजवर लावंन. मले काय करायचं? मी फक्त हे देतो, बोलणारं.’ काटोलकडच्या संत्रेवाल्यांनी विहिरींसाठी पहिले सांगितले आहेत. त्या भरवशावर त्याने दसऱ्याला महाल भागातलं दुकान बंद केलं, तुमचं दुकान. रेडिओ दुरुस्तीला आता कोणी येत नाही आणि टीव्हीवाले गल्लोगल्ली झाले आहेत, हे खरंच आहे. त्याच्या जागी मी असते तरी बंदच केलं असतं. पण मी त्याच्या जागी नव्हते, आणि हेच मला आज सकाळपासून नव्याने टोचतं आहे. ते दुकान बंद करायचा अधिकारसुद्धा त्याचा होता.

मला नेहमी आपलं जुनं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही दोघं दुकानातून जेवायला येता, पाटावर बसता, आणि जेवताना शिकवणं सुरूच. तुम्ही मिठाची वाटी इकडे ठेवता, लिंबाची फोड तिकडे, मधे ताटातली मिरची आडवी. ‘हे तापलं का इथून निघते. इथं पोचते. मधात ही जाळी. जाळीनं अडवलं का कमी, सोडलं का जास्त. समजलं का गा?’ तो तोंडात घास असताना मान हलवतो. त्याला समजलेलं नसतं. मी चुलीपाशी आईच्या हातातून भाकर घेऊन तुमच्या ताटात वाढायला येते, तेव्हा ती मिरची पाहते, आणि मला समजतं. खरंच समजतं बाबा, मी दहावीत होते, आणि रेडिओतला व्हॉल्व्ह कसा चालतो हे मला लिंबाच्या फोडीवरून समजलं. मी एकदा म्हटलं, ‘बाबा, मले बी दुकानात शिकवा ना.’ तुम्ही वर पाहिलंत. रागावला नाहीत. हसून म्हणालात, ‘तुले काहून पाहिजे वं हे? हात काळे करायले? तू कॉलेजात जा बाई. तिथं याच्याहून मोठं शिकवतात.’ आणि पुढच्या घासाला मिरची उचलून खाल्लीत.

मी गेले कॉलेजात. मोठंच शिकले, आता मोठंच शिकवते. तुम्ही मला पदार्थविज्ञानाचं ते जाडजूड पुस्तक आणून दिलंत, भाच्याला तुमचं वीज मोजायचं मीटर दिलंत. ते पुस्तक मी खूप वाचलं आणि मला त्याचा उपयोगही झाला, म्हणून तक्रार करायला जागा नाही. जागा नसताना तक्रार करत राहणं हा माझा स्वभाव झाला आहे, असं हे म्हणतात.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलंय ते मीटर नाही. ती दुपार आहे. मी डबा घेऊन दुकानात आलेली, मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झालेली. धरमपेठेतल्या कुणा वकिलांचा मोठा रेडिओ सेट टेबलावर उघडा, आणि त्यातून जळका वास. व्हॉल्व्हच्या बैठकीतला एक पाय वापरात नव्हता. तुमच्या भाच्याने एक सुटी तार टेकवायला जागा हवी म्हणून ती त्या रिकाम्या पायाला डकवली होती. आणि त्या कंपनीच्या व्हॉल्व्हमधे तो पाय आतून कशालातरी जोडलेला होता. सेट लावला आणि आतलं जळलं. वकील समोर उभे. तुम्ही त्याचं मनगट धरलंत आणि ओरडलात, ‘लागत नव्हता ना तो पाय? मंग हात काहून लावला? लागत नाही त्याले हात लावायचा नाही! आतमधी काय हाये ते तुया बापाले माहीत हाये का?’ तो रडला. संध्याकाळी त्याला जवळ बसवून तुम्ही तेच परत सांगितलंत, हळू आवाजात, आणि त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने पिठलं वाढलंत.

मला तुम्ही कधी असं मनगट धरून ओरडला नाहीत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मला गणितात फार कमी मार्क पडले. कागद तुमच्या हातात दिला आणि मी वाट पाहत उभी राहिले. तुम्ही पाहिलंत, घडी केलीत, म्हणालात, ‘होते कधी कधी.’ एवढंच. आई म्हणाली, बघ, किती जीव आहे तुझ्यावर. असेल. पण आपल्या कामातलं चुकलं की माणूस ओरडतो, आणि माझं चुकणं तुमच्या कामातलं नव्हतं. शेवटच्या आजारातही तसंच. त्याला विचारायचात, शटर नीट लावलं का, त्या सेटचं काय झालं, कोणता भाग बदलला. मला विचारायचात, जेवली का वं. मी रोज हो म्हणायचे.

आता आजचं सांगते. चहा झाल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला. म्हणाला, ‘एक भानगड हाये ताई. सेल वर्षभर पुरले पाहिजे माह्या हिशेबानं. तीन आठवड्यात गळून राहिले. सेलच डुप्लिकेट येऊन राहिले बजारात, दुसरं काय? तू शिकवतेस, जरा पाह्य ना.’

मी हात पुसले आणि यांचं भिंग घेतलं. सोल्डर इतकं सुंदर की तुमचंच वाटावं, प्रत्येक थेंब सारखा, चकचकीत. आणि त्या दोन लहान आयसींचे कितीतरी पाय मोकळे. कशालाच जोडलेले नाहीत, नुसते हवेत. मला एका क्षणात कळलं. मिरची पाहून कळलं होतं तसंच. या नव्या, कमी विजेवर चालणाऱ्या आयसींचा आत येणारा पाय मोकळा सोडला तर तो धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. मधेच लोंबकळत राहतो आणि आतून वीज झिरपत राहते. बोर्ड झोपला असं आपण समजतो, पण तो झोपत नाही. वापरात नसलेला तसा प्रत्येक पाय ग्राउंडला, म्हणजे बोर्डावरच्या शून्य विजेच्या तारेला, नेऊन बांधायचा असतो. एम.एस्सी.च्या मुलींना मी हे मीटर लावून दाखवते. पायाजवळ नुसतं बोट नेलं तरी काटा हलतो, आणि त्या ‘अय्या’ म्हणतात.

मी विचारलं, ‘हे पाय मोकळे काहून ठेवले गा?’

त्याची छाती फुगली. हो, बाबा, अक्षरशः फुगली. ‘मामाजींनी काय सांगतलं होतं? लागत नाही त्याले हात लावायचा नाही. तीस वर्षं झाली, एकदा तरी लावला का मी?’

मी भिंग खाली ठेवलं. म्हटलं, ‘बघते. पुस्तकात बघावं लागेल.’

पुस्तकात काहीही बघायचं नव्हतं. तो म्हणाला, ‘पाह्य, पाह्य, पण उद्या दुपारी बोर्डाचा नकाशा छापणाऱ्याले देऊन टाकतो. सगळे बोर्ड एकदमच छापून घेतो.’ एकदा छापले की त्या पायांना वाट काढून देणं म्हणजे प्रत्येक बोर्डावर केसासारख्या तारा हाताने ओढत बसणं. आणि ते न करता गेले, तर संत्रेवाल्यांच्या विहिरी महिन्याच्या आत मुक्या होतील, ते बोर्ड परत आणून टाकतील, आणि परत जायला त्याच्यापाशी दुकान नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. त्याने सायकलवरून हात केला. मीही केला.

तेव्हापासून स्वतःला विचारते आहे की मी गप्प का बसले. पहिलं उत्तर चांगलं होतं: तुमचा शब्द त्याच्यासमोर खोटा पाडायला जीभ वळली नाही. त्यावर मी थोडा वेळ बसले, पण ते टिकलं नाही. तुमचा शब्द खोटा नाहीच. व्हॉल्व्हसाठी खरा होता, तुम्ही हाताळलेल्या पहिल्या आयसींनाही चालून गेला. तुम्ही आज असता तर हा काटा हललेला पाहून स्वतःच म्हणाला असता, ‘अरेच्चा! हे तर उलटंच हाये.’ तुमचा मान राखायला मला गप्प बसायची गरज नव्हती. दुसरं उत्तर वाईट होतं: तुमच्या लाडक्याला न कळलेलं मला कळलं आणि ते दोन-चार तास माझ्या एकटीजवळ असावं असं वाटलं. हे खरं आहे, तो सायकलीवर बसला तेव्हा मला बरं वाटत होतं. पण तेवढ्यावरही थांबता येत नाही, कारण ते बरं वाटणं जिना चढेपर्यंतसुद्धा पुरलं नाही.

वर आले, पोळपाट उचलला, आणि रडू आलं. कारण मी बरोबर आहे ती पुस्तकामुळे. तो चुकला तो तुमच्यामुळे. त्याचे हात अजून तुमचं ऐकतात, जिथे ऐकू नये तिथेसुद्धा. तुमचं बरोबर ते त्याच्याकडे गेलं हे मी कधीचं गिळलं होतं. आता तुमचं चुकीचं ठरलेलं तेही त्याच्याकडेच निघालं. माझ्याजवळ तुमची एक चूकही नाही बाबा. मी भिंगातून ते मोकळे पाय पाहिले तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. शिकल्यासवरल्या, मुलांची आई असलेल्या बाईने हे लिहावं हे हास्यास्पद आहे, पण खोडत नाही.

सांगणार तर आहेच. तो ओरडेल, ‘मामाजी असं सांगत नव्हते!’ मी म्हणेन, मामाजी माझे वडील होते. मग बहुतेक खूप मोठं भांडण होईल, त्याची बायको बाहेर येईल, आणि शेवटी मी मीटर लावून काटा दाखवीन. हे पत्र कुणाला द्यायचं नाही, म्हणून एवढं कबूल करायला हरकत नाही: मी त्याच्या संत्रेवाल्यांसाठी जात नाहीये. तुमच्या कामातल्या एखाद्या गोष्टीवरून कुणीतरी माझ्यावर ओरडावं, एवढ्यासाठी जाते आहे.

उद्या: कॉलेजच्या आधी प्रतापनगर. मोकळे पाय ग्राउंडला.